खोट्या मिरीची सावली

झाड मी लावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या लेआउटमधले लोक अजूनही म्हणतात, "भाऊंनी काय झाडं वाढवली होती!" भाऊ म्हणजे माझे मिस्टर. खड्डा त्यांनी खणला, पाणी त्यांनी घातलं, हे खरं. पण रोप मी निवडलं आणि ते दारासमोरच हवं हा हट्टही माझाच होता.

हिंगणघाटला हायवेच्या अंगाला नवीन लेआउट पडलं तेव्हा आम्ही तिथे प्लॉट घेतला आणि दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छपरी असं घर बांधलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मिस्टर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मुलगी तेव्हा अकरावीत होती, पुढे ती शिकायला पुण्याला गेली आणि तिकडचीच झाली.

लेआउट म्हणजे कालपरवापर्यंतचं तुरीचं वावर. झाड नावाला नव्हतं. घराचं तोंड पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी चार वाजता दाराच्या कडीला हात लावला की चटका बसायचा. आम्ही कडुलिंब लावला, तो शेळ्यांनी खाल्ला. गुलमोहर लावला, तो दुसऱ्या उन्हाळ्यात उभ्या उभ्या वाळला. वर वीतभर काळी माती आणि खाली मुरूम, त्यात नळ एक दिवसाआड. झाड तरी काय करणार?

एकदा प्रशिक्षणासाठी वर्ध्याला गेले होते. परतताना रोपवाटिकेत शिरले आणि म्हटलं, कमी पाण्यावर जगेल असं काहीतरी द्या. त्या माणसाने कोपऱ्यातून एक हातभर उंचीचं रोप काढलं. बारीक बारीक पानं, नाजूक काडी.

"हे घेऊन जा मॅडम. पाणी मांगत नाई. जितकी ऊन, तितकं खुश. मिरीचं झाड म्हणतात याले."

मी एक पान चुरगळून नाकाशी धरलं. आधी मिरीचा झणका आला, मागून कच्च्या आंब्यासारखा वास. तिथेच मी हरले.

घरी येऊन पुस्तकं काढली. खरी मिरी म्हणजे वेल, तिला ओल लागते. हे झाड वेगळंच. दक्षिण अमेरिकेतल्या कोरड्या डोंगरांतलं. त्याला गुलाबी मिऱ्यांसारखी फळं लागतात म्हणून नुसतं नाव मिरी. कूळ आंब्याचं, काजूचं, बिब्ब्याचं. हे सगळं मी मिस्टरांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. ते चहा पीत ऐकत होते.

"बिब्ब्याचं भाऊबंद हाय म्हणतं, अन् दारासमोर लावतं?" ते म्हणाले. बिब्बा अंगावर उतला की कसे फोड उठतात हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

"आंब्याचं बी हाय ना," मी म्हटलं, आणि विषय संपला.

दोन रविवार ते सब्बल घेऊन मुरूम फोडत होते. कमरेइतका खड्डा झाला. पाणी साचू नये म्हणून तळाशी विटांचे तुकडे टाकले, मग शेणखत आणि वेणा नदीची वाळू कालवलेली माती. रोपाच्या शेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं. ते आठवड्यातून दोनदा भरायचं, म्हणजे पाणी हळूहळू खाली मुळाशी झिरपतं आणि मुळं वर घुटमळत नाहीत. ही युक्ती मी कुठेतरी वाचली होती. पण मडकं भरायचं काम त्यांनी कधी घेतलं ते कळलंच नाही. जिनिंगमधून यायचे, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी रुई चिकटलेली असायची, आणि हातपाय धुण्याआधी बादली घेऊन झाडाकडे जायचे.

तिसऱ्या वर्षी शेंडा स्लॅबच्या वर गेला. पाचव्या वर्षी तर झाडाने अंगणच ताब्यात घेतलं. फांद्या वर जाऊन पुन्हा खाली लोंबायच्या, थेट जमिनीला टेकायच्या. वारा नसला तरी त्या हलताहेत असं वाटायचं. सगळं लेआउट भट्टीसारखं तापलेलं असताना आमच्या फाटकातून आत आलं की माणूस "हुश्श" करायचा. भाजीवाली टोपलं उतरवून तिथे बसायची. पोस्टमन पाणी प्यायला थांबायचा. मी वाकडी वाढणारी फांदी कापायची, जमिनीला टेकलेल्या डहाळ्या उचलून छाटायची. छाटलेल्या काड्या रेतीत खोचल्या. या झाडाची काडी सहसा जगत नाही म्हणतात. माझ्या दोन जगल्या. मला कोण आनंद! एक कुंपणाच्या कोपऱ्यात लावली, दुसरी झोपायच्या खोलीच्या खिडकीमागे, कारण त्या भिंतीवर सकाळपासून ऊन यायचं.

होळी झाली की झाडाला बारीक फिकट पिवळ्या फुलांचे तुरे यायचे. फळं मात्र एकदाही लागली नाहीत. दोन-तीन वर्षं वाट पाहिली, मग शोध घेतला. पपईसारखंच, यात नर वेगळा आणि मादी वेगळी. माझं झाड नर. आणि काडीपासून केलेली दोन्ही झाडं म्हणजे त्याचीच रूपं, तीही नर. मी हे सांगितलं तेव्हा ते खोकेपर्यंत हसले.

"म्हणजे मी धरून चार गडी झाले घरात. अन् बाई तू एकटीच."

तो खोकला मी तेव्हा हसण्याचा समजले.

नंतर तो दर वर्षी यायला लागला. होळी सरली की सुरू, आणि पहिले दोन पाऊस झाले की कमी. आधी नुसता कोरडा खोकला, मग छातीत शिट्टीसारखा आवाज. जिनिंगचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. जेव्हा रुई सर्वांत जास्त उडते तेव्हा ते ठणठणीत असायचे, आणि काम ओसरलं की खोकायचे. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला एवढं दिसायला हवं होतं. मी मात्र त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणायची, "हंगामभर छातीत बसलेला कापूस आता बाहेर निघून राह्यला." डॉक्टरांनीही दमा म्हटलं. जिनिंगमधले असे पुष्कळ येतात, म्हणाले. पंप दिला, तोंडाला लावून ओढायचा.

मग मी मागे लागले. नोकरी सोडा. माझी नोकरी आहे अजून, पोरगी आपल्या पायावर उभी आहे, आता कशाला तो भुसा छातीत घ्यायचा? ते तयार नव्हते. तीस वर्षं ज्या मशिनींचा आवाज ऐकून त्यांना काय दुखतंय ते ओळखत होते, त्या सोडून घरी बसायचं? पंधरा दिवस आमची धुसफूस चालली. एका सकाळी मी त्यांचा डबा भरलाच नाही.

"डबा काऊन नाई भरला?" त्यांनी विचारलं.

"तुमचा जीव जाऊन राह्यला तिथं, अन् मी डबे भरू?"

ते दारापर्यंत गेले. मग चपला काढल्या आणि आत आले. त्या आठवड्यात त्यांनी काम सोडलं. मी जिंकले. मैत्रिणींना अभिमानाने सांगितलं, नवऱ्याला मी त्या धुळीतून ओढून बाहेर काढलं.

आणि बाहेर काढून मी त्यांची खाट कुठे टाकली? झाडाखाली. दिवसभर गार सावलीत पडा, पेपर वाचा, आराम करा. मी सकाळी शाळेत जायची तेव्हा ते तिथे असायचे, आणि परत यायची तेव्हाही तिथेच.

तो उन्हाळा आधीच्या सगळ्या उन्हाळ्यांपेक्षा वाईट गेला. पंप दिवसातून दोनदाचा चारदा झाला. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचं नुकसान एका वर्षात भरून येत नाही. मला पटलं. पुढच्या वर्षी आणखी वाईट. तेव्हाही पटलं.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये आर्वीला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मामा म्हणून ते पंधरा दिवस आधीच गेले. दोन दिवसांनी कपाट आवरताना त्यांचा पंप मला फळीवर दिसला. लगेच फोन लावला. नणंदेने उचलला.

"ताई, ते पंप इथंच विसरले. कसे हायत ते? कोणाबरोबर पाठवू का?"

"कोन्ता पंप वं? भाऊ तर मांडवाचे बांबू उचलून राह्यला सकायपासून. थांब, बोलावतो."

त्यांचा आवाज आला. मध्ये न थांबता पूर्ण वाक्य बोलत होते. किती महिन्यांनी ऐकलं असं. "काई नाई, मस्त आहो. तू ये आरामात."

लग्नाच्या आदल्या दिवशी मी पोचले तर ते गच्चीवर माळा बांधत होते. मला पाहून जिना उतरून आले आणि धाप लागली नाही. आर्वीतही जिनिंग आहेत. हंगाम सरला तरी उरल्यासुरल्या कापसाच्या गाड्या नणंदेच्या घरासमोरूनच मार्केटला जात होत्या. तरीही मला काही सुचलं नाही. वाटलं, बहिणीकडे मन रमलं, माणसांत राहिले, म्हणून बरं वाटलं. लग्न झालं. भन्तेजींनी वंदना सांगितली तेव्हा ते सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने वर्ध्यावरून घरी आलो. डेपोपर्यंत बॅगही त्यांनीच उचलली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. तिसऱ्या दिवशी शिट्टी.

तो रविवार होता. त्यांची स्कूटर पंधरा दिवस झाडाखाली उभी होती. मी ओलं फडकं घेऊन काळी सीट पुसली. फडकं पिवळं झालं. पिठासारखी बारीक धूळ. फडकं धुऊन वाळत घातलं, स्वयंपाक केला, तासा-दीडतासाने बाहेर आले तर सीटवर पुन्हा तोच पिवळा थर. मी बोट फिरवून पाहिलं. फुलाचे भाग, पुंकेसर, परागकण, वाऱ्याने कसे उडतात, ते मी पोरांना दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत आले होते. तीन नर झाडं. ती माझ्या हातांनी लावलेली, त्यातल्या दोन काड्या मी मुद्दाम जगवलेल्या.

मी त्यांच्या खाटेपाशी गेले. पिवळं झालेलं बोट तसंच पुढे धरलं.

"हे पाहा."

त्यांनी पाहिलं आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला. आश्चर्य वाटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"तुमाले माहीत होतं?"

"वाटत होतं."

"कवापासून?"

"दोन साल झाले असतील. फुलं आले की सुरू होते. मशीन खराब झाली की आधी पाहा लागते, काय बदललं ते."

"मंग बोलले काऊन नाई?"

त्यांनी सरकून मला खाटेवर जागा केली.

"तू डबा नाई भरला त्या दिवशी. तुले पक्कं वाटत होतं जिनिंगच हाय म्हणून. अन् मले बी पक्कं कुठं होतं? अन् झाड..." त्यांनी वर पाहिलं. "बोललो असतो तर तू तोडलं असतं."

"मंग तोडलंच असतं ना! झाड हाय ते!"

"म्हणून तर नाई बोललो."

मी रडले, ओरडले. फाटकापाशी आलेली भाजीवाली तशीच परत गेली. मी म्हटलं, आजच माणसं बोलावते, तिन्ही झाडं आडवी करते. त्यांनी माझा हात धरला.

"एप्रिल सरून राह्यला. आता सावली तोडली तं घर पेटल. पाऊस पडू दे. जूनमधे तोडजो. तोवर मी अंदर राह्यतो, दारं-खिडक्या लावून घेऊ."

आणि मी ऐकलं.

यात त्यांचा दोष नाही. मी ऐकलं कारण मलाही बरं वाटलं. दीड-दोन महिने झाड राहील, या विचाराने माझ्या मनाला आराम पडला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, पोरीलाही नाही.

खाट आत आणली. दारं लावली, फटींत जुने कपडे खोचले. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, मी सतत त्यांच्याजवळ होते. बंद खोलीत उकडायचं म्हणून कूलर दिवसभर चालू ठेवला. कूलर खिडकीत बसवलेला. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, हे माझ्या त्या आठ दिवसांत लक्षात आलं नाही. आणि त्या खिडकीच्या मागेच तिसरं झाड होतं, फुलांनी भरलेलं. खस ओली असते, तिने थोडं अडवलं असेल. किती अडवलं असेल, ते मी आता कसं मोजणार? मी त्यांना दारं बंद करून कोंडलं आणि समोरून ती हवा त्यांच्या तोंडावर सोडली.

आठव्या दिवशी सकाळी ते उठून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि त्यांना बोलता येईना. ओठ निळे पडले होते. शेजाऱ्यांच्या गाडीने आधी इथल्या दवाखान्यात नेलं, तिथून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात. अकरा दिवस ते तिथे होते. पोरगी पुण्याहून आली. डॉक्टरांनी, नर्सनी काही कमी केलं नाही. मधे दोन दिवस बरे वाटले, घशातली नळी काढली, मला म्हणाले, "मडकं भरलं काय?" मी हो म्हटलं. घरी कोणीच नव्हतं.

बुद्ध पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अंगणातच झाला. विहारातली मंडळी म्हणाली, मंडप कशाला, झाडाची सावली आहेच. आणि पाचपन्नास माणसं त्या झाडाखाली बसली. मी समोर बसून वर पाहत होते. फुलं गळून गेली होती. पानं हिरवीगार, मे महिन्याच्या त्या उन्हात एकही कोमेजलेलं नाही.

पोरगी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तीन माणसं बोलावली. ते म्हणाले, "मॅडम, इतकं चांगलं झाड काऊन तोडता?" मी सांगितलं, मुळं टाकीत शिरतात. कापताना खोडातून दुधासारखा चीक आला. एकाच्या हातावर तो लागला आणि तिथे लाल चट्टे उठले. मी त्याला साबणाने हात धुवायला लावले, खोबरेल तेल दिलं. दिवस मावळायच्या आत अंगण मोकळं झालं. घर लांबूनच दिसायला लागलं, पश्चिमेचं ऊन थेट स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर आलं.

जुलैमध्ये तिन्ही बुंध्यांना धुमारे फुटले. मी खुडले. ऑगस्टमध्ये पुन्हा. बुंध्यावर मीठ टाकलं, रॉकेल ओतलं, वर्षभर दर रविवारी सुरी घेऊन बसले. शेवटी धुमारे यायचे थांबले.

दोन वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी त्यांची फाइल घेऊन वर्ध्याला गेले. मला एकच विचारायचं होतं. तेव्हाचे डॉक्टर तिथे नव्हते. एका तरुण डॉक्टरीण बाईंनी फाइल शेवटपर्यंत वाचली, एक्स-रे उजेडात धरले. मी त्यांना झाडाचं सांगितलं, आर्वीचं सांगितलं, कूलरचंही सांगितलं. या सगळ्या गोष्टी मोठ्याने बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. त्यांनी मधे अडवलं नाही.

"काकू, ॲलर्जी होती असं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण ती झाडाचीच होती का, ते चाचणी केल्याशिवाय नाही सांगता येत, आणि चाचणी झालेली नाही. फुप्फुसं मात्र आधीच खराब होती. तीस वर्षं कापसात होते ना."

"म्हणजे झाड नसतं तर?"

"काही वर्षं अजून मिळाली असती कदाचित. किंवा नसती मिळाली."

"नक्की नाही सांगता येत?"

"नाही काकू. आता नाही."

त्यांनी फाइल बंद करून माझ्या हातात दिली. बाहेर पेशंटांची रांग होती, मी उठले. स्टँडवर हिंगणघाटची गाडी लागलेली होती. खिडकीशी जागा मिळाली. शेजारची बाई मांडीवर पालकाच्या जुड्या घेऊन बसली होती. तिने विचारलं, "दवाखान्यात गेलत्या काय? कोणाचं हाय?" मी म्हटलं, माझंच.

घरी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. छपरीची फरशी तापलेली होती. कुलूप काढायला पदर हाताला गुंडाळला, आत गेले आणि दार लावून घेतलं. कूलर मी आता लावत नाही. जमिनीवर पाणी शिंपडून तिथेच आडवी झाले. फाइल उशाशी होती. ती पुन्हा उघडायची कशासाठी, हे मला माहीत नव्हतं, तरी उघडली, आणि पहिल्या पानापासून वाचत राहिले.